चित्रांचा व्यापारी : आंब्रवाझ व्होलार



चित्रकारांवर व्याख्याने पुष्कळ होतात. चित्रे विकणाऱ्यावर सहसा कोणी बोलत नाही. चित्रकार म्हटला की प्रतिभा आणि उपासमार, विक्रेता म्हटला की तराजू आणि गल्ला, अशी वाटणी आपण मनाशी करून बसलेलो असतो. पॅरिसच्या आंब्रवाझ व्होलार ह्या गृहस्थाने ही वाटणी अवघड करून ठेवली आहे. सेझान, गोगँ, मातीस, पिकासो ह्या सर्वांच्या वाटचालीत कुठे ना कुठे ह्याच्या दुकानाचा उंबरठा लागतो. त्याने सेझान, रेन्वार आणि देगा ह्यांच्यावर पुस्तके लिहिली आणि उतारवयात स्वतःच्या आठवणीही लिहिल्या. त्या आठवणी मोठ्या गमतीदार आहेत. पण दुकानदाराने सांगितलेली हकीकत आहे हे वाचकाने विसरू नये.

व्होलारचा जन्म १८६६ सालचा, हिंदी महासागरातील रेयुनियों बेटावरचा. वडील कागदपत्रे नोंदविणारे सरकारमान्य वकील; मुलानेही कायदा शिकावा म्हणून त्याला फ्रान्सला धाडले. मुलगा पॅरिसला आला आणि नदीकाठच्या जुन्या पुस्तकांच्या पेट्यांतून चित्रांचे छाप धुंडाळीत बसला. कायदा राहिला बाजूला, आणि रू लाफित ह्या चित्रविक्रेत्यांच्या रस्त्यावर त्याने एक लहानसे दुकान थाटले.

ह्या दुकानात १८९५ च्या हिवाळ्यात सेझानचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. सेझान तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता, आणि पॅरिसपासून दूर, दक्षिणेत एक्स गावी एकांतात चित्रे काढीत होता. पिसारोसारखे चित्रकार त्याचे नाव आदराने घेत. लोकांना मात्र त्याची आठवणही राहिली नव्हती. व्होलारने मुलाकरवी संधान बांधले आणि सुमारे दीडशे चित्रे गुंडाळ्यांच्या रूपाने त्याच्याकडे आली. चौकटींना पैसा नव्हता, म्हणून साध्या स्वस्त पांढऱ्या पट्ट्या ठोकल्या. लोक आले ते रागावून गेले. एक गृहस्थ तर बायकोचा दंड धरून तिला चित्रांसमोर उभी करीत होता. चित्रकलेत बक्षीस मिळविलेल्या आपल्याला हे बघायला लावता काय, असे ती कळवळून विचारी. आणि पुढे नीट वागायची ही शिक्षा आहे, असे तो सांगे! हा किस्सा व्होलारचाच आहे. त्यात मीठमसाला किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण त्याच प्रदर्शनात पेअरच्या एका लहानशा जलरंगचित्रासाठी देगा आणि रेन्वार ह्यांनी चिठ्ठ्या टाकल्या, ही गोष्ट दुसऱ्याच्या रोजनिशीत नोंदलेली आहे. लोकांच्या आधी चित्रकारांनीच चित्रकार ओळखला. व्होलारची हुशारी ही, की कोणाच्या डोळ्यांवर विश्वास टाकायचा हे त्याला कळत होते.

आता त्याची विकण्याची तऱ्हा ऐका. चित्रे भिंतीकडे तोंड करून ठेवलेली, आणि मालक खुर्चीत पेंगत बसलेला. गर्ट्रूड स्टाइन ही अमेरिकन लेखिका भावाबरोबर सेझानचे एक निसर्गचित्र मागायला गेली. हे महाशय वर गेले आणि एक सफरचंद घेऊन खाली आले. निसर्गचित्र हवे, म्हणताच पुन्हा वर गेले आणि पाठमोऱ्या नग्न आकृतीचे चित्र घेऊन आले. तिसऱ्यांदा भलामोठा कॅनव्हास आणला, त्यात निसर्ग कोपऱ्यात एवढासा! एवढ्यात वरून एक म्हातारी मोलकरीण उतरली आणि निघून गेली, तिच्यामागून दुसरी. तेव्हा बाईंना हसू फुटले. सेझान वगैरे कोणी नाहीच, ह्या म्हाताऱ्याच वर बसून चित्रे काढतात, असे त्यांना वाटू लागले. शेवटी चित्र मिळाले, ही गोष्ट वेगळी. ह्या आळशीपणामागे हिशेब होता. आज न विकलेले चित्र उद्या अधिक किमतीला जाते, हे त्याला पक्के ठाऊक होते.

पण थांबणे त्याला परवडत होते. चित्रकाराला परवडत नव्हते. दक्षिण समुद्रातील बेटांवर आजारी पडलेल्या गोगँशी त्याने १९०० साली करार केला, महिना ३०० फ्रँकचा. गोगँच्या पत्रांतून ह्या व्यापाऱ्याविरुद्ध कडवट तक्रारी आहेत, आणि १९०३ मध्ये तो तिकडेच वारला. १९०६ मध्ये व्होलारने पिकासोची सुमारे वीस चित्रे एकरकमी २,००० फ्रँकला उचलली. म्हणजे एका चित्राला शंभर! ह्याला लूट म्हणायचे काय? मला विचाराल तर गोगँच्या बाबतीत मी व्होलारला सहज सोडणार नाही. पिकासोचे मात्र निराळे. मोंमार्त्रच्या पडक्या इमारतीत राहणाऱ्या त्या पोराला ह्या पैशाने उन्हाळाभर स्पेनमधल्या गोसोल गावी जाऊन काम करता आले. दुसरे कोणी तेवढेही देत नव्हते. लुटणारा आणि तारणारा एकाच माणसात नांदतात, हे आपल्या गावच्या सावकारीत तुम्ही पाहिलेच असेल.

दुकानाच्या तळघरात तो मित्रांना जेवायला बोलावी. पान ठरलेले, कोंबडीचा रस्सा, त्याच्या बेटावरचा. त्या बेटावरच्या उसाच्या मळ्यांत दक्षिण हिंदुस्थानातून मजूर नेले होते, तेव्हा ह्या रश्श्याचे गोत्र निराळे सांगायला नको. बोनारने त्या तळघरातील पंगतीचे चित्रही काढले आहे.

व्होलारचे चित्र तर कितीकांनी काढले. १८९९ मध्ये सेझानने त्याला एका खोक्यावरच्या डुगडुगत्या खुर्चीत बसविले. डुलकी लागून हा खाली कोसळला, तेव्हा म्हातारा कडाडला की सफरचंद कधी हलते काय! व्होलारच्या सांगण्याप्रमाणे एकशे पंधरा बैठका झाल्या. हातावर दोन ठिपके कोरे दिसतात, असे त्याने भीत भीत सुचविले. तिथे चुकीचा रंग लावला तर त्या जागेपासून सगळे चित्र पुन्हा करावे लागेल, असे उत्तर आले. शेवटी चित्र अपुरे टाकून सेझान निघून गेला. सदऱ्याचा पुढचा भाग बरा साधला, एवढेच त्याचे समाधान.

पिकासोने १९१० मध्ये त्याच व्होलारचा चेहरा घनवादी पद्धतीने तुकड्यातुकड्यांनी रचला. ही नवी रीत व्होलारला रुचली नाही, आणि घनवादी चित्रांचा व्यवहार त्याने कान्वायलर ह्या तरुण विक्रेत्याच्या हाती जाऊ दिला. १९३९ मध्ये मोटारीच्या अपघातात तो गेला. सेझानने काढलेले चित्र त्याने अखेरपर्यंत जवळ ठेवले होते. ते आज पॅरिसच्या पेती पाले संग्रहालयात आहे. पिकासोने काढलेला चेहरा मात्र त्याने कधीच मॉस्कोच्या मोरोझोव्ह नावाच्या धनिकाला विकून टाकला होता.