गोळी घेऊ की नको? पीसीओएस आणि हिशेबाचा तिसरा रकाना

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

कशा आहात सगळ्या? आणि कसे आहात सगळे? हे 'कसे' मी मुद्दाम म्हणतेय. मागच्या भागानंतर एका मुलाचा मेसेज आला होता, "ताई, माझ्या बहिणीला पीसीओएस आहे. घरात कुणी बोलत नाही, म्हणून मीच ऐकतो." तर दादा, आजचा भाग तुझ्यासाठीही.

आजचा प्रश्न तुमच्या मेसेजेसमध्ये सगळ्यात जास्त वेळा आलाय: "डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, पण साइड इफेक्ट्स वाचून भीती वाटते. घेऊ की नको?"

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मी सहा वर्षांची पेशंट आहे. माझं ऐकून कुठलीही गोळी सुरू करू नका आणि बंद तर अजिबातच करू नका. विचार कसा करायचा, एवढंच आज बोलू.

मी २१ वर्षांची होते, पुण्यात होस्टेलवर राहायचे. चार महिने पाळी नव्हती. हनुवटीवर जाड केस यायला लागले होते. सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरांनी तीन मिनिटांत सांगितलं, "पीसीओडी आहे. या गोळ्या २१ दिवस घे, ७ दिवस थांब. वजन कमी कर." झालं. मेडिकलवाल्याने पाकीट कागदात गुंडाळून दिलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्या गर्भनिरोधक गोळ्या होत्या.

दिवाळीत घरी गेले आणि आईला पाकीट सापडलं. "अगं, हे काय आहे?" एवढंच विचारलं तिने, पण आवाज असा की शेजारच्या खोलीत बाबांनी टीव्ही बारीक केला. मी प्रिस्क्रिप्शन दाखवलं. मग मावशीचा फोन: "बंद कर बाई त्या. पुढे मूल व्हायला त्रास होतो."

मावशीचं हे म्हणणं चूक आहे. या गोळ्यांनी वंध्यत्व येत नाही. बंद केल्यावर पाळी पुन्हा अनियमित झाली, तर ती बहुतेक वेळा मूळचीच असते. गोळी सुरू असताना पीसीओएस बरा होत नाही, फक्त त्याची लक्षणं दबतात. हे मला कुणी सांगितलं असतं, तर आईला सांगता आलं असतं.

आता थोडं आजाराबद्दल. नुसत्या सोनोग्राफीवर पीसीओएस ठरत नाही. तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन्स वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत तशा दिसणाऱ्या ओव्हरीज. शिवाय थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे दुसरी कारणं तपासून बाजूला काढावी लागतात. हे २००३ चे रॉटरडॅमचे निकष, अजूनही पाया तोच आहे.

बरं, औषधाचा विचार करताना आपण दोनच रकाने आखतो: फायदा आणि त्रास. तिसरा रकाना राहूनच जातो, तो म्हणजे औषध न घेण्याची किंमत. "मी काहीच घेत नाही, नॅचरल राहते" हाही निर्णयच आहे, आणि त्याचेही साइड इफेक्ट्स असतात.

ते कसे? बीज बाहेर पडत नाही, तेव्हा प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. गर्भाशयाचं अस्तर मात्र इस्ट्रोजेनमुळे जाड होत राहतं. पाळी येत नाही म्हणून ते बाहेरही पडत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं तर त्या अस्तरात बिघाड होण्याचा, पुढे कॅन्सरचाही धोका वाढतो. म्हणून ९० दिवसांहून जास्त पाळी आली नाही, तर "बरंय, कटकट गेली" म्हणून सोडून द्यायचं नाही.

आता गोळ्या. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र असलेल्या या गोळीने अस्तराचं रक्षण होतं, पाळी तारखेला येते, आणि रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी होऊन पिंपल्स आणि केसांवर परिणाम होतो. केसांना मात्र सहा महिने तरी द्यावे लागतात. माझी पाळी महिन्यात लागली रुळावर, पिंपल्स तिसऱ्या महिन्यात कमी झाले.

त्रास? काहींना मळमळ, छाती दुखणं, मूड खालीवर होणं. मोठी भीती असते रक्ताच्या गुठळीची. ती खरी आहे, पण आकडा समजून घ्या. गोळी न घेणाऱ्या १०,००० तरुणींमध्ये वर्षाला साधारण १ ते ५ जणींना गुठळी होते. गोळी घेणाऱ्यांमध्ये ३ ते ९ जणींना. गरोदरपणात हाच आकडा ५ ते २० असतो. म्हणजे धोका वाढतो, पण बहुतेकींसाठी लहानच राहतो.

'बहुतेकींसाठी' हा शब्द लक्षात ठेवा. कारण मी त्या बहुतेकींमध्ये नव्हते.

दहावीपासून माझं डोकं दुखायचं. आधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा यायच्या, वीसेक मिनिटं अर्धं दिसायचं नाही, मग डोकं. घरात त्याला नाव होतं 'पित्त'. आजी कोकम सरबत द्यायची. पहिल्या डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पित्ताचा आणि पाळीचा काय संबंध?

पाच महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी बीपी घेतलं. मग विचारलं, "सिगारेट? घरात कुणाला गुठळी, स्ट्रोक? डोकं दुखतं का? दुखण्याआधी काही दिसतं का?" मी रेषांचं सांगितलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. ते पित्त नव्हतं. तो ऑरा असलेला मायग्रेन होता, आणि अशा मुलींनी इस्ट्रोजेनची गोळी घेऊ नये, कारण स्ट्रोकचा धोका वाढतो.

गोळी वाईट नव्हती. माझ्या रूममेटने तीच दोन वर्षं घेतली, मस्त चाललं तिचं. ती गोळी माझ्यासाठी नव्हती, एवढंच.

मग माझा हिशेब नव्याने मांडला. अस्तरासाठी ठराविक काळाने १० ते १४ दिवस फक्त प्रोजेस्टिनची गोळी. ती संपली की पाळी येते. साखरेची तपासणी काठावर आली होती, म्हणून मेटफॉर्मिन.

मेटफॉर्मिनचा पहिला आठवडा! बसमध्ये बसायची हिंमत होत नव्हती. पोटात गुडगुड, जुलाब, तोंडाला धातूसारखी चव. मी चौथ्या दिवशी सोडणार होते. फोन केला तर कळलं, मी रिकाम्या पोटी घेत होते. जेवणासोबत, ५०० मिलिग्रॅमपासून सुरुवात, हळूहळू वाढवायचं, आणि सावकाश विरघळणारी गोळी मिळते ती मागायची. तीन आठवड्यांत पोट शांत झालं. बरीच वर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं. मी शाकाहारी, त्यामुळे ते तपासून घेते.

आणि हनुवटीचे केस? त्यावर या दोन्ही औषधांचा फारसा उपयोग नाही. स्पायरोनोलॅक्टोनचा पर्याय निघाला होता. पण त्यावर असताना गर्भ राहिला तर मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून भरवशाचं गर्भनिरोधन लागतं. पोटॅशियम, बीपीकडेही लक्ष ठेवावं लागतं. डॉक्टरांनी विचारलं, "केसांचा त्रास किती होतो, दहापैकी?" मी म्हटलं, "सहा." मग मी थ्रेडिंगवर थांबले. तुमचा आकडा नऊ असेल तर तुमचं उत्तर वेगळं येईल, आणि तेही बरोबर असेल.

तर डॉक्टरांकडे जाताना फोनमध्ये हे प्रश्न लिहून न्या. ही गोळी माझ्या कुठल्या त्रासासाठी आहे? फरक किती दिवसांत दिसेल? कोणता त्रास झाला तर थांबायचं आणि कोणता सहन करायचा? घेतलीच नाही तर काय होईल? पुन्हा कधी तपासायचं? आणि न विचारताही सांगा: डोकेदुखी, बीपी, सिगारेट, घरातले आजार, चालू असलेली सगळी औषधं. इन्स्टावरून मागवलेल्या पावडरीसुद्धा. गोळी चालू असताना एका पायाला सूज येऊन दुखलं, अचानक दम लागला, छातीत दुखलं किंवा बोलणं अडखळलं, तर थेट हॉस्पिटल गाठा.

परवा आईने फोनवर विचारलं, "प्रोजेस्टिनचे दहा दिवस झाले का गं?" नाव बरोबर घेतलं तिने. मावशी अजून म्हणते, लग्न झालं की सगळं ठीक होईल. तिला हा भाग पाठवणार आहे.

तुमचा तिसरा रकाना काय सांगतो, मला लिहा. काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.