रेंगाळणारा ताप आणि हृदयाच्या झडपा



आपण बायका ताप अंगावर काढतो, म्हणून मी आज हा विषय घेतला आहे. लहानपणीच्या सांधेतापाने हृदयाची झडप खराब झाली असेल, तर किडक्या दातांतून रक्तात शिरलेले जंतू तेथे घर करतात. झडप कुरतडली जाते. जंतूंच्या गाठीचा तुकडा मेंदूत गेला, तर अर्धांगवायू होतो.

अशा बाईचा ताप रेंगाळला, तर मनाने गोळ्या देऊ नका. त्यामुळे रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू सापडेनासे होतात. १९५३ साली स्वीडनमध्ये एडलर व हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय पाहिले. त्यातूनच आजची ‘एको’ तपासणी आली. छातीवरून नीट दिसले नाही, तर अन्ननलिकेतून पाहतात. उपचार बहुधा ४ ते ६ आठवड्यांचा असतो; तो अर्धवट सोडू नका, एवढीच माझी विनंती.