स्मरणाची मालकी कोणाकडे?

(वाघोली येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा गोषवारा)



यंत्रावर विसंबल्याने माणसाची स्मरणशक्ती क्षीण होते काय, हा आजचा विषय आहे. ही भीती जुनीच आहे. लेखनकलेमुळे माणसे विसराळू होतील, ही शंका प्लेटोने ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिसच्या तोंडून मांडली होती. २०११ साली अमेरिकेतील काही मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगान्ती दाखवून दिले की, माहिती संगणकात जपून ठेवली जाणार असे ज्यांना वाटते, त्यांच्या ती कमी लक्षात राहते. तेव्हा शंका अगदीच निराधार नाही. परंतु आपल्यापुढचा प्रश्न याहून वेगळा आहे. आपण डोक्यावरून उतरवलेले हे ओझे नेमके कोणाच्या हाती जाते?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. उठाव करणाऱ्यांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता. कर्जरोखे हस्तगत करून जाळण्यावर होता. किती फेडले, हे कुळाला तोंडपाठ असे. परंतु न्यायालयात त्याच्या स्मरणाला किंमत नव्हती. तेथे सावकाराचा कागद बोलत असे. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क कुळाला दिला. लेखनाची विद्या तीच राहिली. नोंदीची एक प्रत ऋणकोच्या हाती आली, एवढाच फरक. तो फरक लहान नव्हता.

कागदाखेरीज दुसरे साधन होते ते पाठांतराचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी ही कोष्टके मुले शाळेत घोकत. सोळा आण्यांच्या रुपयाचा हिशेब त्यामुळे बाजारात उभ्याउभ्या होई. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, नंतर गणकयंत्रे आली, आणि या कोष्टकांची गरज सरली. त्याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही; दशमान पद्धती सोपी आहे व ती सर्वांची आहे. मात्र ‘आकडा चुकला’ असे जागच्या जागी सांगण्याची जी ताकद पाठांतराने दिली होती, तिची जागा कशाने भरून काढली, हे विचारले पाहिजे.

वाघोलीच्या दगडखाणीत ब्रासच्या मापाने काम करणारा मजूर निदान ढीग डोळ्यांनी पाहू शकतो. २०२१ साली हे गाव पुणे महापालिकेत आले. आता येथील रस्त्यांवर घरपोच माल पोहोचविणारे तरुण मोबाइलवरील आकड्यावर मजुरी घेतात. अंतर किती धरले, दर का बदलला, कपात कशाची झाली, हे सारे कंपनीचे यंत्र लक्षात ठेवते. कामगाराला उत्तर दिसते. रीत दिसत नाही. सावकाराच्या चोपडीचेच हे नवे रूप आहे.

सबब यंत्राला विरोध हा आपला कार्यक्रम असू शकत नाही. यंत्रातील नोंदीची प्रत आणि हिशेबाची रीत कामगाराला त्याच्या भाषेत मिळावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. ती मान्य होईपर्यंत प्रत्येकाने खिशात वही ठेवावी, रोजच्या फेऱ्या व रक्कम स्वतःच्या हाताने टिपावी आणि आठवड्याला चारचौघांनी मिळून ताळा करावा. संघटनेच्या शाखांनी हे काम याच महिन्यात हाती घ्यावे, एवढी विनंती करून मी थांबतो.