ठेव परत मिळाली पाहिजे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला बोलायला उभे केले, याचे माझे मलाच नवल वाटते. माझी शाळा सातवीपर्यंतची. पण मंडळाचा जमाखर्च मी आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर लिहिते. तेव्हा त्यातल्या मजकुराची नक्कल कशी ठेवावी आणि वेळ आली तर ती परत कशी आणावी, हे तुम्हीच सांगा, असा चिटणीसबाईंचा हुकूम झाला. त्यांचा हुकूम कोण मोडणार?

कॉम्प्युटर आता पुष्कळ घरांत आहे. त्यात आपण काय काय ठेवतो? घरपट्टीच्या पावत्या, मुलांची प्रमाणपत्रे, लग्नामुंजीचे फोटो. आमच्या यंत्रात सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. त्या वारल्या त्याच्या आदल्या वर्षी मुलाने त्यांचा आवाज भरून घेतला होता. एखादा दाखला हरवला तर कचेरीत खेटे घालून त्याची नक्कल मिळते. त्या आवाजाची नक्कल कोणत्या कचेरीत मिळणार?

आणि ही ठेव असते तरी कशात? जुन्या यंत्रांत गरगर फिरणारी तबकडी असते, आणि तिच्यावर केसाहूनही बारीक फट ठेवून वाचणारे टोक फिरत असते. एक धक्का बसला की संपले. नव्या यंत्रांत फिरणारे काही नसते. पण तीही एखाद्या दिवशी न सांगता बंद पडतात. यंत्र दुकानात नवे मिळते. आतला मजकूर दुकानात मिळत नाही.

यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे. आपले विरजण बिघडले म्हणजे आपण वाटी घेऊन शेजारणीकडे जातो. पुष्कळदा तिचे विरजण मुळात आपल्याकडूनच गेलेले असते! पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने हाच नियम आकड्यांत बसवला आहे : तीन, दोन, एक. मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या वस्तूंवर असाव्यात, आणि एक प्रत घराबाहेर असावी.

घराबाहेर कशाला, हे आपल्या सांगलीला समजावून सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णामाई ५७ फुटांच्या वर चढली. आमच्या ओळखीच्या एका घरी कॉम्प्युटर टेबलाखाली आणि नकलेची डिस्क त्याच खोलीतल्या कपाटात होती. दोन्ही एकाच पाण्यात गेली. नक्कल होती, पण कामाला आली नाही.

नक्कल करून झाली की डिस्कची वायर काढून ठेवावी. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा उपद्रवी प्रोग्राम जगभर पसरला. तो लोकांच्या फायली कुलूपबंद करी आणि किल्लीसाठी पैसे मागे. इंग्लंडातली इस्पितळेसुद्धा त्याने अडवली. अशा वेळी यंत्राला जोडून ठेवलेली डिस्कही त्याच्याच तावडीत सापडते.

कुणी म्हणेल, “माझे फोटो तर मोबाइलमधून आपोआप वर जातात.” जातात, आणि ते चांगलेच आहे. पण गूगल फोटोजमध्ये जतन झालेला फोटो आपण मोबाइलवरच्या त्याच अॅपमधून काढला, तर तो वरूनही निघतो. कचऱ्याच्या पेटीत काही दिवस राहतो आणि मग कायमचा जातो. म्हणून एवढ्या एकाच प्रतीवर विसंबू नये.

आता मुख्य गोष्ट. ठेव ठेवली म्हणजे काम झाले, असे आपण समजतो. ती परत मिळते का, हे कुणी पाहत नाही. ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम १९९८ साली अमेरिकेत पिक्सार कंपनीत चालले होते. कुणाकडून तरी चुकीचा हुकूम दिला गेला आणि चित्रपटाच्या फायली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. नक्कल ठेवण्याची व्यवस्था होती. पण ती उघडून पाहावी, तर नीट चालतच नव्हती! एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत. अखेर धावून आली ती गॅलिन सस्मन ही बाई. बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर चित्रपटाची प्रत होती. तो कॉम्प्युटर पांघरुणांत गुंडाळून, तान्ह्या मुलासारखा जपत मोटारीतून आणला, आणि बहुतेक काम परत मिळाले.

ही हकीकत ऐकल्यावर २०२३ साली मी आमची डिस्क मुलाच्या लॅपटॉपला लावून एकेक फाइल उघडून पाहिली. हिशेब होते, फोटो होते, पण ओव्या नव्हत्या! ठरवून दिलेल्या फोल्डरची तेवढी नक्कल होत होती, आणि ओव्या दुसऱ्याच फोल्डरात होत्या. त्याच दिवशी तोही फोल्डर यादीत घातला. पुढे २०२४ च्या दिवाळीआधी आमचे यंत्र बंद पडले. दुरुस्तीवाल्याने डिस्क गेल्याचे सांगितले. नवी बसवून घेतली आणि संध्याकाळी सगळे परत भरले. नऊ दिवसांच्या नोंदी तेवढ्या गेल्या होत्या. त्या पावतीपुस्तकावरून पुन्हा लिहिल्या. रात्री सासूबाईंचा आवाज लावला, तेव्हा आमचे मामंजी एक शब्द न बोलता शेवटपर्यंत ऐकत बसले होते.

तेव्हा भगिनींनो, एवढे करा. दोन डिस्का घ्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नक्कल करा आणि डिस्कवर तारीख लिहा. एक डिस्क घरी ठेवा, दुसरी बहिणीकडे किंवा विश्वासाच्या शेजारणीकडे, शक्य तर उंचावरच्या घरी. महिन्याला अदलाबदल करा. बाहेर जाणाऱ्या डिस्कला पासवर्डचे कुलूप घाला आणि तो पासवर्ड वहीत लिहून ठेवा, कारण ही किल्ली हरवली तर आपल्यालाही आत जाता येत नाही. आणि वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दसऱ्याला म्हणा, दुसऱ्या यंत्रावर डिस्क लावून चार फायली उघडून पाहा. फोटो दिसला पाहिजे, आवाज ऐकू आला पाहिजे, हिशेबाची बेरीज जुळली पाहिजे. विरजण लागते की नाही, हे दही लागल्यावरच कळते.

मंडळाच्या हिशेबाची एक प्रत आजपासून अध्यक्षबाईंच्या माडीवर राहावी, अशी माझी सूचना आहे. ती डिस्क मी सोबत आणली आहे. आपण ती मंजूर कराल अशी आशा बाळगून मी आपली रजा घेते.