हौदाकाठची फरशी

 

२०१८ साली सरकारने जुन्नर तालुका पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट बघायला आणि मंचर-घोडेगावमार्गे भीमाशंकरला जायला माणसं आधीपासून येतच होती. आता त्यातली बरीचशी शेतावर मुक्काम करतात. आपल्या हातची मासवडी-भाकरी त्यांना आवडते. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत फोनवर पहिला प्रश्न असतो, "मुलांना पोहायला काही आहे का?"

म्हणून आम्हीही गटाचं कर्ज काढून एका ताईंच्या शेतावर पोहायचा हौद बांधला. हौद चांगला झाला. चुकलो ते त्याच्या काठाला. गुळगुळीत, चकचकीत टाइल बसवली, कारण फोटोत ती छान दिसत होती. दुसऱ्याच महिन्यात एक पाहुण्या आजी नातवाला टॉवेल द्यायला गेल्या आणि ओल्या टाइलवरून घसरल्या. मनगट मोडलं. आजी आम्हाला एका शब्दाने बोलल्या नाहीत, उलट "माझंच लक्ष नव्हतं गं" म्हणाल्या. पण लक्ष आमचं नव्हतं. ती टाइल आम्ही उखडली आणि फरशीचा खर्च दोनदा सोसला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून आजचं हे बोलणं.

हौदाकाठची फरशी डोळ्याने निवडायची नाही, ओल्या अनवाणी पायाने निवडायची. आपल्या घरातला पाटा आठवा. गुळगुळीत झाला की मिरची वाटली जात नाही, मग आपण टाकी लावून घेतो. पायालाही तशीच पकड लागते. मंचरची जुनी बारव पाहा. तिचा दगड घडवलेला आहे, पण त्याला आजच्या फरशीसारखं पॉलिश नाही.

आता एकेक वस्तू बघू.

काळा कडप्पा स्वयंपाकाच्या ओट्याला ठीक. हौदाकाठी नको. काळा रंग ऊन पितो, वैशाखात दुपारी पोराचा पाय टेकत नाही. पॉलिश केलेला असेल तर ओला झाल्यावर घसरतोही. आपल्याकडचा काळा पाषाणही तापतो, पण टाकी मारलेला असेल तर पकड चांगली देतो. सावलीच्या बाजूला आणि पायऱ्यांना तो चालतो.

शहाबादी फरशी आणि कोटा, दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड. पॉलिश न केलेली, खरखरीत फरशी मागा. शहाबादी कडप्प्याइतकी तापत नाही. तिचे दोष मात्र दोन. एक, तिचे पापुद्रे सुटतात, म्हणून प्रत्येक फरशी वाजवून घ्यायची. खणखणीत वाजली तर घ्या, बद्द वाजली तर परत करा. दुसरा, आम्लाने ती खाल्ली जाते. लिंबू पिळलं तरी डाग पडतो. संडास धुवायचं ॲसिड तिच्यावर कधीच टाकू नका.

लाकूड दिसायला सुंदर. पण सागवान महाग, बाकी लाकडाला आणि बांबूला आपल्या पावसात वाळवी, भुंगा आणि बुरशी लागते. शिवाय कुसळं पायात जातात. लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेल्या फळ्याही मिळतात. त्यांना वाळवीचा त्रास कमी, पण त्या उन्हात तापतात आणि फुगतात. दोन फळ्यांत फट सोडावी लागते आणि खाली पाणी साचू द्यायचं नसतं.

पेव्हर ब्लॉक स्वस्तात बसतात, एखादा फुटला तर तेवढाच काढता येतो. पण फटींत शेवाळ धरतं, नीट दाबून बसवले नाहीत तर वर-खाली होतात आणि ठेच लागते.

टाइलच घ्यायची असेल तर दुकानात एक प्रश्न नक्की विचारा. टाइलच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात आर ९ ते आर १३ असे आकडे असतात. ते बूट घालून केलेल्या चाचणीचे. अनवाणी पायासाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी असते. हौदाच्या काठाला किमान बी आणि पाण्यात उतरणाऱ्या पायरीला सी हवी. दुकानदारभाऊंना सांगता आलं नाही, तर नमुना घरी आणा. त्यावर शाम्पूचं पाणी ओता आणि कुणाचा तरी हात धरून चालून बघा. मग तोच तुकडा भर दुपारी उन्हात ठेवा आणि पाऊल टेकवा. ही परीक्षा फुकट आहे.

फरशीइतकंच महत्त्व तिच्या खालच्या जमिनीला. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वरची फरशी उचलली जाते. माती काढून मुरूम भरा, पाणी मारून धुमसून घ्या. उतार हौदाकडे नको, बाहेर हवा. पाच फुटाला साधारण एक इंच पुरतो. नाही तर चिखलाच्या पायांचं पाणी हौदात जातं. गवंडीदादांकडून कडा गोल घासून घ्या.

आता हिशेब. हौद २० फूट लांब, १२ फूट रुंद आणि भोवती चार फूट काठ धरला, तर ३२० चौरस फूट फरशी लागते. तुटफुटीसाठी दहा टक्के वाढवा, म्हणजे साधारण ३५० मागवा. सगळी एकाच वेळी घ्या, नंतर रंग जुळत नाही.

आम्ही शेवटी खरखरीत शहाबादी बसवली, पायऱ्यांना टाकीचा दगड लावला आणि पश्चिमेला मांडव घातला. पावसाळ्यात शेवाळ धरतं, म्हणून आठवड्याला खराट्याने घासतो. पाळी लावली आहे. ब्लीचिंग पावडर वापरली तरी तिच्यात ॲसिड कधीच मिसळू नका. विषारी वायू निघतो.

आणि एक कळकळीचं सांगणं. हौद नाही म्हणून पाहुण्यांच्या मुलांना शेततळ्यात उतरू देऊ नका. तिथला प्लॅस्टिकचा कागद बुळबुळीत असतो, पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. शेततळ्याला कुंपण घाला, आत गाठी मारलेला दोर कायम सोडलेला ठेवा.

त्या आजी यंदा पुन्हा आल्या होत्या. चप्पल काढून काठावरून एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "आता पाय धरतो." आम्हाला तेवढं पुरलं.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत याबद्दल नक्की बोला. नमस्कार.