गल्ला, नफा आणि मूल्य

दिवसभरात गल्ल्यात पडले ते सगळे आपण ‘कमाई’ म्हणून मोकळे होतो. ती नुसती विक्रीची जमा. मालाची किंमत, भाडे, पगार, व्याज वजा जाऊन उरेल तो नफा. पुष्कळदा उरतच नाही. इथवर कोणताही दुकानदार सांगेल.

मूल्य मात्र त्याच्या वहीत सापडत नाही. चष्म्यावाचून अक्षर न दिसणारा माणूस पाच हजारही देईल. त्याला तो हजारात मिळाला, तर वहीत हजारच. उरलेला चार हजारांचा लाभ त्याच्या पदरी.

बडोद्याचे पाहा. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना आणले, संस्थानभर मोफत ग्रंथालये उभारली. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. वाचकाकडून जमा शून्य. खेड्यातल्या वाचकाला जे मिळाले, ते कोणत्या रकान्यात लिहाल?

अर्थात, मूल्य आहे म्हणून खर्च आपोआप भागत नाही. महाराजांपाशी तिजोरी होती, आपल्यापाशी वर्गणी आहे. तेव्हा वाचनालयाचा ताळेबंद कसून तपासा. पण सकाळी फुकट वर्तमानपत्र वाचायला येणारे आजोबा तोट्याच्या बाजूला मांडू नका.