दोष शोधण्याची रीत

रोग्याची नाडी न पाहतांच औषध देणाऱ्या वैद्याला कोणी शहाणा म्हणत नाहीं. मोटारीच्या बाबतींत मात्र शहाणीं माणसेंहि हाच अविचार करितात. दोष निश्चित होण्यापूर्वींच ‘नवा भाग घाला’ म्हणून मोकळीं होतात.

पुणें-मुंबई मार्गावर, जेथें नाशिकचा रस्ता फुटतो, तेथें कासारवाडी आहे. पलीकडे भोसरी, पिंपरी, चाकण हा मोटारी घडविणारा मुलूख. अशा ठिकाणीं भल्या पहाटे भाजीचा एखादा टेंपो सुरू होईनासा झाला, अशी कल्पना करावी. मालक म्हणतो, ‘बॅटरी गेली.’ जाणता मिस्त्री दिवे लावून किल्ली फिरवावयास सांगतो. दिवे प्रखरच राहिले आणि इंजिन हललें नाहीं, तर बॅटरीवरील संशय बहुतेक फिटला. स्टार्टर व तेथवर वीज नेणारी वाट तपासावयाची. दिवे अगदीं मंदावले, तर बॅटरी किंवा तिचे सांधे पाहावयाचे. इंजिन जोमानें फिरूनहि चालू होत नसेल, तर शोध इंधनाकडे वळवावयाचा. पैचा खर्च नाहीं, आणि शोधाचें क्षेत्र केवढें आटोपशीर झालें!

यानंतर मीटर. पूर्ण भारलेली बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. किल्ली फिरवितांना मीटरचें एक टोक बॅटरीच्या टर्मिनलवर व दुसरें त्यास आवळलेल्या क्लँपवर ठेवावें. आंकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला, तर सांधा गंजला आहे. काचकागदानें होणाऱ्या कामासाठीं नवी बॅटरी कशाला?

देशांत १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हीं प्रदूषणमानकें लागू झालीं. अशा वाहनांतील यंत्रणा आपले दोष स्वतःच नोंदविते आणि स्कॅनर ते सांकेतिक आंकड्यांत दाखवितो. परंतु ती साक्ष आहे, निकाल नव्हे. ‘पी ०१७१’ हा संकेत इंधनाच्या मानानें हवा अधिक आहे एवढेंच सांगतो. त्याचें कारण फाटलेली हवेची नळी असेल, इंधनाचा अपुरा दाब असेल, किंवा हवा मोजणारा मळका सेन्सर असेल. तेव्हां प्रथम नळी डोळ्यांनीं पाहावी. सेन्सर बदलण्याची घाई करूं नये.

प्रत्येक चांचणीपूर्वीं दोन प्रश्न विचारावे: हिला खर्च किती, आणि हिच्या उत्तरानें पुढचें पाऊल बदलेल काय? उत्तर कांहींहि आलें तरी पाऊल तेंच पडणार असेल, तर ती चांचणी व्यर्थ होय. टेंपोवाल्याच्या दिवसाची कमाई अशा विचारावरच अवलंबून असते. भाजी दुपारपर्यंत थांबत नाहीं.